उत्तर आलं, आता ते मोडून बघा

लग्नकार्यात एखादे काका हमखास विचारतात, "थिअरॉटिकल फिजिक्स म्हणजे दिवसभर करता तरी काय?" खरं सांगायचं तर आकडेमोड लवकर उरकते. आठवडे जातात ते आलेलं उत्तर खोटं ठरवायच्या खटपटीत. पुस्तकांत आणि भाषणांत या कामाला फारशी जागा मिळत नाही, आणि पीएचडीला नव्याने लागलेल्या पोरांचा गोंधळ नेमका इथेच होतो. म्हणून एकच उदाहरण जरा खोलात जाऊन.

स्पिन-अर्ध्याची साखळी घ्या; स्पिन म्हणजे कणाचा इवलासा चुंबक, मोजला तर वर किंवा खाली एवढंच उत्तर देणारा. शेजारशेजारचे स्पिन एकमेकांशी J इतक्या ताकदीने जोडलेले, टोकं जोडून वर्तुळ केलेलं. स्पिन N असतील तर अवस्था २ चा N वा घात. N = १४ ला १६,३८४ अवस्था होतात; ऊर्जा काढायची पूर्ण मॅट्रिक्स (आकड्यांचा चौकोनी तक्ता) ठेवायला २ जीबी मेमरी लागते, लॅपटॉपवर आरामात बसते. N = १६ ला तीच ३२ जीबी होते आणि लॅपटॉप हात टेकतो. दोनच स्पिन वाढले, मेमरी सोळापट. क्वांटम प्रश्न अवघड का, हे या दोन आकड्यांतून जेवढं कळतं तेवढं श्रोडिंगरच्या मांजराच्या गोष्टीतून कळत नाही, असं माझं मत.

कोड लिहिला की आधी N = ४. चार स्पिनच्या वर्तुळाची सर्वांत खालची ऊर्जा कागदावर पाच मिनिटांत निघते: −२J. कोडमध्ये −८ आलं तर तुम्ही स्पिनच्या जागी पाउली मॅट्रिक्स (स्पिनच्या दुप्पट असतात त्या) टाकलेत आणि चारने भागायला विसरलात. N = २ ला −०.७५ ऐवजी −१.५ आलं तर वर्तुळ बंद करताना एकच जोडी दोनदा मोजली गेली. मग N वाढवत न्या. दर स्पिनमागची ऊर्जा −०.५ वरून हळूहळू वर सरकत −०.४४३ कडे जायला हवी. भौतिकशास्त्रज्ञ हान्स बेथेने १९३१ मध्ये दाखवलेल्या वाटेने हे उत्तर तंतोतंत मिळतं: पाव वजा २ चा नैसर्गिक लॉगॅरिदम. एवढं जुळेपर्यंत पुढचा आलेख काढूच नये.

खरी फसगत पुढे होते. साखळीत एकाआड-एक शेजारीही जोडले की सिस्टिम 'केऑटिक' (गोंधळी) होते का, हे बघायचं असतं. त्यासाठी ऊर्जापातळ्या चढत्या क्रमाने लावून लागोपाठच्या दोन अंतरांचं गुणोत्तर घ्यायचं, लहान भागिले मोठं, आणि सरासरी काढायची. केऑटिक असेल तर ०.५३ च्या आसपास, नसेल तर ०.३८६. नवखा माणूस सगळ्या पातळ्या एकत्र ओततो, ०.३९ येतं आणि 'केऑस नाही' असं लिहून मोकळा होतो. उत्तर साफ चूक. सिमेट्री म्हणजे फिरवलं, उलटवलं तरी साखळी तशीच राहणं; वेगवेगळ्या सिमेट्रीच्या पातळ्या एकमेकींना ओळखतच नाहीत. दादरला वेस्टर्न आणि सेंट्रलच्या गाड्यांच्या वेळा एकाच यादीत लिहिल्या, तर प्रत्येक लाइनचं अंतर नीट राखलेलं असूनही यादी वेडीवाकडीच दिसणार, तसंच हे.

म्हणून आधी सिमेट्रीप्रमाणे विभागणी; एकेका भागाला सेक्टर म्हणतात. N = २० घेतलं तर १०,४८,५७६ अवस्था. एकूण Sz (स्पिनचा z दिशेतला भाग) शून्य असलेल्या तेवढ्या वेगळ्या काढा: १,८४,७५६ उरतात. वर्तुळ फिरवण्याच्या सिमेट्रीने एका मोमेंटमच्या (संवेगाच्या) वाट्याला साधारण सव्वानऊ हजार. शून्य मोमेंटम घेतलं तर आरशाची सिमेट्री आणि सगळे स्पिन उलटवण्याची सिमेट्री, अशा दोन वाटण्या अजून बाकी; त्यानंतर दोन-अडीच हजार. एवढी मॅट्रिक्स लॅपटॉप चुटकीसरशी सोडवतो. तरीही ०.५३ येत नाही म्हणून डोकं धरून बसलेली मंडळी असतातच, कारण एकूण स्पिन S अजून मिसळलेलाच असतो. स्पिन उलटवल्याने फक्त सम आणि विषम S वेगळे होतात. सोपा उपाय म्हणजे z दिशेच्या जोडणीचा गुणांक १ ऐवजी ०.७ वगैरे ठेवायचा. ती सिमेट्रीच मोडते. शिवाय स्पेक्ट्रमची दोन्ही टोकं सोडून मधला तिसरा हिस्साच मोजायचा, टोकांना वागणूक वेगळी असते.

मोठ्या N साठी लँक्झोस पद्धत वापरतात; पूर्ण मॅट्रिक्स न सोडवता थोड्या व्हेक्टरांवरून टोकाच्या पातळ्या काढायची ही युक्ती. तिच्यात राउंडिंगमुळे व्हेक्टर एकमेकांना लंब राहत नाहीत आणि एकच पातळी दोन-तीनदा उगवते. या भुतांना खऱ्या डिजनरसी (एकाच ऊर्जेच्या अनेक अवस्था) समजून पेपर लिहायला बसू नये. व्हेक्टर पुन्हा लंब करून घेतले की ती पळतात.

हे सगळं एकट्याने तपासून भागत नाही, कुणाला तरी फळ्यासमोर उभं करावं लागतं. मुंबईत ही सोय बरी आहे, फक्त अंतर काढावं लागतं. पवईहून कुलाब्याला टीआयएफआर या संशोधन संस्थेच्या बुधवारच्या कोलोक्वियमला (व्याख्यानाला) जायचं तर कांजूरमार्गहून सीएसएमटी, पुढे बस किंवा टॅक्सीने नेव्ही नगर. ओळखपत्र खिशात हवंच. चहाच्या वेळी कुणी "मोमेंटम सेक्टर कुठला घेतलास?" एवढं विचारलं तरी फेरी वसूल. परतीच्या गर्दीत मात्र लॅपटॉप उघडायची स्वप्नं बघू नयेत.

पेपर तयार झाला की अर्काइव्ह (arXiv), म्हणजे छापून येण्याआधी पेपर सगळ्यांसाठी ठेवायची वेबसाइट. त्या दिवशीच्या यादीत यायचं तर आपल्या घड्याळाने उन्हाळ्यात रात्री साडेअकराच्या आत, हिवाळ्यात साडेबाराच्या आत सबमिट करायचं. यादी पहाटे साडेपाचला किंवा साडेसहाला लागते. यादीत सगळ्यात वर नाव यावं म्हणून कटऑफ संपल्याच्या पहिल्या सेकंदाला बटण दाबणारे महाभाग आहेत, त्यांचं त्यांना लखलाभ. पहिली आवृत्ती कायम तिथेच राहते, दुरुस्ती टाकली तरी जुनी कुणालाही उघडता येते. तेव्हा अपलोड करण्याआधी आकृत्यांखाली N किती, सेक्टर कुठला, किती पातळ्या घेतल्या आणि लॉगॅरिदमचा पाया कोणता, हे लिहिलंय का ते बघा. एन्ट्रॉपीच्या (स्पिन एकमेकांत किती गुंतलेत त्या मापाच्या) आलेखात ०.६९३ आणि १ यांच्यात फरक फक्त पायाचा असतो, आणि रेफरीचा (पेपर तपासणाऱ्याचा) पहिला प्रश्न बहुतेक वेळा तोच.