स्वच्छ दिसणारा फ्लास्क

आमच्या लॅबमध्ये नव्याने आलेल्याला आधी फक्त पेशी सांभाळायला देतात. हूडमध्ये, म्हणजे निर्जंतुक हवेच्या कपाटात, हात घालण्याआधी सत्तर टक्के अल्कोहोल, उघड्या फ्लास्कवरून हात न्यायचा नाही, पिपेटचं टोक कुठे टेकलं की ते फेकायचं. माझं हे शिक्षण हेक-२९३ या लॅबमध्ये वाढवल्या जाणाऱ्या मानवी पेशींवर झालं. या पेशी गुणी असतात. ३७ अंश तापमान, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड आणि सीरम घातलेलं गुलाबी मीडियम, म्हणजे पोषक द्रव, मिळालं की मुकाट वाढतात. मीडियम पिवळट पडलं की आम्ल साचलंय असं समजायचं आणि ते बदलायचं.

हळूहळू ट्रान्सफेक्शन (पेशींत बाहेरून डीएनए घालणं) आणि वेस्टर्न ब्लॉट (हवं ते प्रथिन अँटीबॉडीने हुडकून पट्ट्याच्या, म्हणजे बँडच्या, रूपात बघणं) हाती आले आणि तिथे गाडं अडलं. आमच्या प्रथिनाचा बँड एकदा ठसठशीत यायचा, तर पुढच्या वेळी नावापुरता. नमुना सारखाच घातलाय हे दाखवणारा लोडिंग कंट्रोलचा बँड मात्र दर वेळी एकसारखा. सगळ्यांचा संशय अँटीबॉडीवर, कारण लॅबमध्ये काहीही बिघडलं की पहिलं नाव तिचंच निघतं. आमची सीनियर ताई मात्र म्हणाली, "अँटीबॉडीला नंतर बोल लाव. सेल्स तपासल्यात का?"

"ताई, रोज बघते की. मीडियम नितळ आहे, सेल्स छान चिकटल्यात."

"नितळ आहे म्हणूनच विचारतेय."

साधा जिवाणू शिरला की एका रात्रीत मीडियम गढूळ होतं, ते कुणालाही कळतं. मायकोप्लाझ्मा या अतिसूक्ष्म जिवाणूचं तसं नाही. एका मिलिलिटरमध्ये कोटीच्या घरात असला तरी मीडियम नितळच राहतं. पेनिसिलिन जिवाणूची पेशीभित्तिका बांधू देत नाही. याला ती भित्तिकाच नाही, मग औषध लागू पडणार कुठे? इतका बारीक की ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधूनही निसटू शकतो. पेशींच्या कल्चरमध्ये तो सापडल्याची पहिली नोंद १९५६ची, म्हणजे हा काही नवा पाहुणा नव्हे. ताईने आधी अँटिबायोटिक बंद करून पेशी तशाच वाढवायला लावल्या, म्हणजे लपलेलं असेल ते वर येईल. आपण सवयीने घालतो ते पेनिसिलिन-स्ट्रेप्टोमायसिन निष्काळजीपणावरचं पांघरूण आहे, असं तिचं मत. मलाही आता ते पटतं.

मग कव्हरस्लिपवर पेशी वाढवल्या, फिक्स केल्या, डॅपी लावलं. डॅपी डीएनएला चिकटतं आणि निळं चमकतं. फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपच्या अंधाऱ्या खोलीत ताईने आधी खात्रीच्या स्वच्छ पेशी दाखवल्या: निळी केंद्रकं आणि मधे निव्वळ काळोख. माझी स्लाइड लावल्यावर केंद्रकं तशीच दिसली. फोकस किंचित फिरवला, तर भोवतीच्या काळोखात पाटीवर खडूचा चुरा सांडावा तसे निळे ठिपके. पेशींच्या कडेकडेने जास्त दाट, मोकळ्या काचेवर तुरळक. रंग नीट धुतला गेला नसेल, असं मी म्हणून पाहिलं. "मग तो काचभर सारखा पसरला असता. हे सेल्सना धरून बसलेत," ताई म्हणाली.

तरी एका चाचणीवर निकाल द्यायचा नाही, म्हणून त्याच संध्याकाळी पीसीआर, म्हणजे डीएनएचा ठरावीक तुकडा अनेक पटींनी वाढवून बघणारी चाचणी, लावला. मायकोप्लाझ्माच्या १६एस जनुकाचे प्रायमर (तो तुकडा हेरणारे डीएनएचे छोटे धागे), सोबत पॉझिटिव्ह कंट्रोल आणि नुसत्या पाण्याचा निगेटिव्ह. जेलवर पाण्याची लेन कोरी आणि आमच्या नमुन्याचा बँड पॉझिटिव्हच्या अगदी रेषेत. ब्लॉटमधली चढउतार त्यानेच घडवली असं छातीठोक सांगता येत नाही. पण मायकोप्लाझ्माच्या काही जाती मीडियममधलं आर्जिनिन हे अमिनो आम्ल खाऊन टाकतात, आणि आर्जिनिनवाचून पेशी प्रथिनं बनवणार कशाने?

फ्लास्क ब्लीच घालून टाकून दिले, इन्क्युबेटर रिकामा करून पुसला. शेजारच्या शेल्फवरच्या पेशीही तपासल्या, कारण एका फ्लास्कमधून दुसऱ्यात जाणं हाच याचा नेहमीचा रस्ता. द्रव नायट्रोजनमधल्या कुप्यांवरही भरवसा नव्हता. उणे १९६ अंशांतही मायकोप्लाझ्मा पेशींसोबत टिकून राहतो. अलीकडच्या कुप्या बाद झाल्या, सगळ्यात जुनी मात्र स्वच्छ निघाली. सरांनी सगळे ब्लॉट टेबलावर मांडायला लावले आणि या पेशींवरचे बाजूला काढले. त्यांत सगळ्यात देखणा ब्लॉटही गेला, जो पेपरच्या पहिल्या आकृतीसाठी ठरला होता. जुन्या कुपीतल्या पेशी वेगळ्या इन्क्युबेटरमध्ये वाढवून तो प्रयोग पहिल्यापासून करायचा, असं ठरलं.