जुन्या घराची ड्रेनेज लाइन वारंवार का तुंबत होती: माझा अनुभव

आमचे घर पुण्यातल्या सहकारनगरात आहे. 1961 च्या पानशेतच्या पुरानंतर पूरग्रस्तांसाठी ज्या सहकारी सोसायट्या उभ्या राहिल्या, त्यांपैकी एकीत माझ्या आजेसासऱ्यांना प्लॉट मिळाला आणि त्याच दशकात तिथे बैठे घर झाले. वरचा मजला पुढे चढला. नळ, वायरिंग, फरश्या हे सगळे कधी ना कधी बदलले गेले, पण जमिनीखालच्या ड्रेनेज लाइनला कुणी हात लावला नव्हता, कारण जे दिसत नाही त्यावर खर्च करायला कुणाचेच मन होत नाही. ती लाइन गेली काही वर्षे सारखी तुंबत होती.

तुंबली की प्लंबरला बोलवायचे, त्याने बांबूच्या लांब कामट्या किंवा स्प्रिंग घालून लाइन मोकळी करायची आणि जाताना 'ताई, संडासात काहीबाही टाकू नका' असे बजावायचे, हा क्रम ठरून गेला होता. त्यामुळे प्रत्येक वेळी घरात चौकशी सुरू होई, आणि ती भांडी घासणाऱ्या बाईंपासून सुरू होऊन घरातल्या बायकांपर्यंत येऊन थांबे. आम्ही सिंकला बारीक जाळी बसवली, तेलकट भांडी कागदाने पुसून मग घासू लागलो, संडासात पाण्याखेरीज काही जाणार नाही याची काळजी घेतली, तरीही लाइन तुंबतच राहिली. कुणी मोरचूद टाकायला सांगितले, कुणी ॲसिड. दुकानात मिळणारे ॲसिड आणि ब्लीचिंग पावडर एकापाठोपाठ ओतली तर क्लोरीन वायू सुटतो आणि तो बंद न्हाणीघरात जिवावर बेतू शकतो, हे मात्र सल्ला देणाऱ्यांपैकी कुणी सांगत नाही.

मग मी तुंबण्याचा क्रम नीट पाहू लागले. वरच्या मजल्यावर वॉशिंग मशीनचे पाणी सुटले की खालच्या संडासाच्या भांड्यात गुडगुड आवाज येई आणि थोड्या वेळाने खालच्या न्हाणीघराच्या जाळीतून काळपट पाणी वर चढे. एकच बेसिन किंवा एकच संडास तुंबत असेल, तर अडथळा बहुधा त्याच्याच ट्रॅपमध्ये, म्हणजे वास अडवण्यासाठी थोडे पाणी धरून ठेवणाऱ्या वाकड्या नळीत, असतो. पण वर सोडलेले पाणी घरातल्या सर्वांत खालच्या जाळीतून बाहेर येत असेल, तर अडथळा त्या सगळ्यांच्या पुढे, मुख्य लाइनवर असतो. गुडगुड होते ती लाइनमध्ये कोंडलेली हवा ट्रॅपमधल्या पाण्यातून वाट काढते म्हणून.

आमच्या आवारात तीन चेंबर आहेत: संडासामागचे, बाजूच्या बोळातले आणि फाटकाजवळचे शेवटचे, जिथून आमची लाइन रस्त्याखालच्या सार्वजनिक लाइनला मिळते. पुढच्या वेळी तुंबल्यावर प्लंबर येण्याआधीच आम्ही तिन्हींची झाकणे उचलून पाहिली. पहिली दोन काठोकाठ भरलेली होती आणि फाटकाजवळचे जवळपास कोरडे होते. याचा अर्थ दोष बोळ आणि फाटक यांच्यामधल्या साधारण बारा मीटरच्या टप्प्यात होता. शेवटचेही भरलेले असते, तर अडथळा बाहेरच्या लाइनमध्ये ठरला असता आणि ते काम महापालिकेचे. शेवटच्या चेंबरपर्यंतचे सगळे घरमालकाचे. ही हद्द ठाऊक नसली की माणूस महिनोन्महिने चुकीच्या दारात अर्ज घेऊन उभा राहतो, म्हणून तक्रार करण्याआधी झाकणे उघडून पाहावीत, असे माझे ठाम मत झाले आहे.

सासऱ्यांनी, म्हणजे नानांनी, कपाटातून घराचा मंजूर नकाशा काढून दिला. त्यात ही लाइन सहा इंची स्टोनवेअरची, म्हणजे चकाकी दिलेल्या भाजक्या मातीच्या पाइपांची, दाखवलेली होती. या पाइपाची एक नळी जेमतेम दोन फुटांची असते. दोन नळ्यांच्या सांध्यात सिमेंटच्या पाण्यात बुडवलेला ताग ठासायचा आणि वरून सिमेंट-वाळू लिंपायची, अशी तेव्हाची पद्धत होती. त्यामुळे बारा मीटरच्या लांबीत वीसेक सांधे आले. भाजकी माती कुजत नाही आणि गंजत नाही, पण सांध्यातले सिमेंट वयानुसार तडकते. आणि बोळाच्या कुंपणाला लागून आमचा जुना उंबर उभा आहे.

पाइपात कॅमेरा घालून तपासणी करणाऱ्या ठेकेदाराला बोलवायचे ठरले, तेव्हा नेहमीच्या प्लंबरला ते मुळीच पटले नाही. 'ताई, फोटो काढून लाइन मोकळी होते का?' असे तो म्हणाला. कॅमेरा घालण्यापूर्वी लाइन जेटिंगने, म्हणजे नळीतून सोडलेल्या पाण्याच्या जोरदार झोताने, धुवावी लागते, कारण गढूळ पाण्याखाली काही दिसत नाही. जेटिंगच्या नळीच्या तोंडाला मागच्या बाजूस तिरपी छिद्रे असतात. त्यांतून सुटणाऱ्या पाण्याच्या जोराने तोंड पुढे सरकते आणि गाळ मागे ओढला जातो, म्हणून काम खालच्या चेंबरकडून वरच्या दिशेने करतात. फाटकाजवळचे चेंबर खोल आहे. मदतीला आलेला एक मुलगा सवयीने त्यात पाय सोडू लागला, तेव्हा मी त्याला थांबवले. सडक्या अंड्यासारखा वास येणारा हायड्रोजन सल्फाइड वायू हवेपेक्षा जड असल्याने तळाशी साचतो, आणि त्याचे प्रमाण वाढले की नाकाला तो वासही कळेनासा होतो. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात उतरवणे 2013 च्या कायद्याने गुन्हा आहे, आणि अशा मृत्यूंची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर 2023 मध्ये 10 लाखांवरून 30 लाख रुपयांवर नेली, हे सांगूनही ठेकेदार 'एवढ्याशा खड्ड्यात काय होतंय' असेच म्हणत राहिला. शेवटी सगळे वरूनच केले आणि झालेही.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर एका कोपऱ्यात मीटरचे आकडे सरकत होते. सुरुवातीच्या सांध्यांतून केसासारखी बारीक मुळे लोंबत होती, पण चौथ्या-पाचव्या मीटरच्या आसपास ओल्या जटांसारखा एक तपकिरी गुंता पाइपाची निम्मी पोकळी व्यापून बसला होता आणि त्यात कागद, केस व तेलाचे पांढरट गोळे अडकलेले होते. त्याच्या पुढे पाइपाखालची भरणी बसून लाइनला पोट पडले होते. तिथे कॅमेरा पाण्याखाली गेला आणि दीड मीटरनंतर पुन्हा वर आला. म्हणजे लाइन मोकळी असतानाही त्या जागी पाणी साचून राहत होते. कामट्या घातल्या की गुंत्याला भोक पडायचे, पाणी जाऊ लागायचे आणि छाटलेल्या मुळांना नवे फाटे फुटायचे. आमचे कोणतेही पथ्य या दोन्ही गोष्टींना पुरे पडणारे नव्हते.

उंबर तोडावा अशी सूचना लगेच आली. शहरात झाड तोडायचे तर 1975 च्या झाडांच्या संरक्षण कायद्यानुसार वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. शिवाय नाना दर गुरुवारी त्या औदुंबराला पाणी घालतात, तेव्हा परवानगीचा प्रश्न घरातच निकालात निघाला. मलाही ते योग्य वाटले. मुळे पाइप फोडत नाहीत; सांध्यातून ओल झिरपते म्हणून ती तिथे येतात. सांधाच उरला नाही तर झाडाशी वैर करण्याचे कारण राहत नाही.

पावसाळ्यात त्रास दुप्पट का होतो, याचे उत्तर खोदाईच्या तयारीत सापडले. मागच्या गच्चीचा पावसाळी पाइप थेट ड्रेनेजच्या गली ट्रॅपमध्ये, म्हणजे न्हाणी-मोरीचे पाणी लाइनला मिळण्याआधी ज्यातून जाते त्या जमिनीतल्या ट्रॅपमध्ये, सोडलेला होता. शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर 25 मिलिमीटर पाऊस पडला तर 2500 लिटर पाणी होते, आणि ते सगळे त्या अर्ध्या बुजलेल्या पाइपात उतरत होते. तो पाइप आम्ही तोडून बागेतल्या शोषखड्ड्याकडे वळवला.

नवीन लाइन उंबरापासून शक्य तितकी दूर, बोळाच्या दुसऱ्या कडेने नेली. इथे मिस्त्रींशी बरीच चर्चा झाली. भिंतीवर लावायचा करडा पाइप स्वस्त पडतो, पण जमिनीखाली घालण्यासाठी तपकिरी-भगव्या रंगाचा वेगळा, भार सोसणारा पाइप मिळतो. आम्ही तोच, 160 मिलिमीटरचा, रबरी रिंगच्या सांध्यांचा घेतला. तीन-तीन मीटरचे चार पाइप लागले, त्यामुळे मधले सांधे तीनच उरले. उतार साठास एक धरला, म्हणजे बारा मीटरला वीस सेंटिमीटर. शेवटच्या चेंबरच्या तोंडाची पातळी बदलता येत नाही, त्यामुळे हा हिशेब खालून वर करावा लागतो. मिस्त्री नजरेने उतार काढायला निघाले होते; पाण्याची लेव्हल नळी लावून प्रत्येक पाइपाच्या दोन्ही टोकांना खूण केल्यावरच मी पुढे जाऊ दिले. पाइपाखाली वाळूचा थर दिला, आणि बोळातल्या चेंबरचा सपाट तळ फोडून तिथे मिस्त्रींनी पाण्याच्या दिशेने अर्धगोल नाली आणि दोन्ही बाजूंना घोटीव उतार केला. माती लोटण्यापूर्वी खालचे टोक बंद करून लाइन पाण्याने भरून ठेवली. पातळी उतरली नाही, तेव्हाच चर बुजवला.

एक गोष्ट मात्र आमच्या हातातली नव्हती. डांबराचे थर चढत चढत समोरचा रस्ता आता आमच्या अंगणापेक्षा उंच झाला आहे, आणि मोठ्या पावसात बाहेरची लाइन भरली की पाणी उलटे आमच्याकडे यायला पाहते. त्यासाठी शेवटच्या चेंबरमध्ये एकतर्फी झडप बसवली. तिच्या बिजागरीत कचरा अडकला की ती पूर्ण मिटत नाही, म्हणून मे महिन्यात आणि गणपतीच्या सुमारास झाकण उचलून, वरूनच पाण्याचा जोरदार फवारा मारून ती धुवावी लागते. नव्या लाइनची मापे टाकून काढलेला कागद नानांनी मंजूर नकाशाला टाचून ठेवला आहे.