बुलेटचे टॅपेट आणि दोन बोटे

माझ्या जुन्या, ओतीव लोखंडी इंजिनाच्या बुलेट ३५० चे टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांखालचे, लांबी जुळवता येणारे भाग) मी रविवारी सकाळी तपासतो, कारण हे काम इंजिन रात्रभर पूर्ण थंड झाल्यावरच करायचे असते. प्लग काढून, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून मागचे चाक हाताने फिरवत पिस्टन कॉम्प्रेशनच्या, म्हणजे सिलिंडरमधली हवा दाबण्याच्या फेरीच्या, वरच्या टोकाला आणला, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. मग उजव्या बाजूचे टॅपेटचे झाकण काढायचे.

इथे फीलर गेज, म्हणजे फट मोजायच्या पातळ पट्ट्या, लागत नाही. पुशरॉड, म्हणजे टॅपेटवरचा उभा दांडा, दोन बोटांत धरून फिरवला तर तो सहज फिरला पाहिजे, परंतु वर-खाली तसूभरही हलता कामा नये. हलत असेल तर टॅपेटचा खालचा दांडा एका पातळ पान्याने धरून, दुसऱ्याने मधला लॉकनट सैल करून, वरचे डोके किंचित फिरवावे लागते. खरी खोड लॉकनटची आहे: तो आवळताना डोकेही थोडे सरकते, म्हणून आवळल्यानंतर पुशरॉड पुन्हा फिरवून पाहावाच लागतो. माझ्याकडून हे सहसा तिसऱ्या प्रयत्नात जमते.

सैल टॅपेटची टकटक ऐकू येते म्हणून तो गच्च आवळण्याचा मोह मीही एकदा केला होता. तेव्हा व्हॉल्व्ह पुरता बसेना, कॉम्प्रेशन गेले आणि किक मारून पाय दुखला. एक्झॉस्ट व्हॉल्व्ह तसाच चालवला असता, तर तो जळला असता. थोडी टकटक मला त्यापेक्षा परवडते.