गोदामाकडची बाजू

आमच्या ऑफिसात स्टेडियमची कामं येत नाहीत. शाळेच्या इमारती, मंगल कार्यालयं, एमआयडीसीतल्या शेड, अधूनमधून एखादा बंगला. सोलापुरात आर्किटेक्टचं पोट यावरच चालतं. त्यामुळे अक्कलकोट रोडला मैदान असलेल्या एका शिक्षण संस्थेच्या अध्यक्षांनी फोनवर "फुटबॉलचं स्टेडियम करायचंय, एकदम मॉडर्न," असं सांगितल्यावर मी आधी मैदानात पावसाचं पाणी कुठं साचतं तेच विचारलं. सवय, दुसरं काय.

अध्यक्षांना संस्थेत सगळे मालक म्हणतात, म्हणून मीही मालकच म्हणतो. त्यांचा सुताचा पिढीजात धंदा. त्यांनी मोबाईलवर चित्रं काढूनच ठेवली होती: वाटोळी गॅलरी, चारी बाजू सारख्या, लाल-निळ्या खुर्च्या, बाहेरून निळे दिवे. मधे फुटबॉल, त्याभोवती आठ लेनचा धावण्याचा ट्रॅक. पश्चिमेला त्यांच्या वडिलांच्या काळातलं सुताचं गोदाम आहे, ते पाडून पार्किंग. मी बघितलं. चित्र दुबईचं असेल, नाहीतर नागपूरचं. कुठलंही खपून गेलं असतं.

संस्थेचे फुटबॉलचे सर मूळ कोल्हापूरचे. त्यांच्यासमोर हे चित्र धरणं म्हणजे वाद ओढवून घेणंच होतं. पेठापेठांतली ईर्षा, पाटाकडील, खंडोबा, दिलबहार अशा तालमींचे संघ आणि शाहू स्टेडियमवरची गर्दी बघत हा माणूस वाढलेला. "मालक," ते म्हणाले, "एवढ्या लांब माणसं बसवलीसा तर ती मोबाईलच बघत बसणार."

मी ट्रॅकचा हिशोब कागदावर मांडला. चारशे मीटरच्या ट्रॅकची सरळ बाजू ८४.३९ मीटर, वळणाची आतली त्रिज्या ३६.५, एक लेन १.२२ मीटरची. मधे १०५ बाय ६८ मीटरचं फुटबॉल मैदान बसतं, त्यात अडचण नाही. पण मग बाजूच्या रेषेपासून पहिला प्रेक्षक बारा मीटरच्या पलीकडे जातो आणि गोलच्या मागे मधोमध बसलेला माणूस गोलरेषेपासून ३६ मीटरवर. तेही पहिल्या रांगेतला. मालक कागदाकडे बघून म्हणाले, "छत्तीस मीटर म्हणजे काय लांब झालं का?"

याचं उत्तर कागदावर देता येत नाही. म्हणून रविवारी संध्याकाळी मैदानावरच बसून बघायचं ठरलं.

सरांनी मॅच लावली, शाळेची पोरं विरुद्ध पूर्व भागातला एक संघ. मी माणूस लावून फक्कीच्या दोन रेषा मारून घेतल्या, एक गोलच्या मागे छत्तीस मीटरवर आणि दुसरी पश्चिमेला, गोदामाच्या अंगाला, मैदानाच्या रेषेपासून पाच मीटरवर. मंडपवाल्याच्या प्लॅस्टिकच्या खुर्च्या दोन्हीकडे मांडल्या. मार्च लागला होता, साडेचारलाही ऊन अंगावर येत होतं. पहिला हाफ मालकांना छत्तीस मीटरवर बसवलं. ते, त्यांचे भाऊ, दोन शिक्षक आणि मी. पंधरा-वीस मिनिटांत धाकटे मालक फोनवर सुताचा भाव विचारायला लागले. तेवढ्यात समोर गोल झाला. पोरं नाचताना दिसली, पण गोल कुणी मारला ते आमच्यातल्या एकालाही सांगता येईना.

हाफ टाइमला आम्ही गोदामाकडे सरकलो.

इथं आल्यावर बॉलला लाथ बसल्याचा आवाज थेट छातीवर यायला लागला. गोलकीपर बचावातल्या पोराला "वेनका, वेनका! मागं बघ की बे!" असं तेलुगू-मराठी एकत्र करून झापत होता, तेही स्पष्ट ऐकू येत होतं. विंगवरून पळणाऱ्या पोराच्या बुटाचा तळ पुढून उचकटलेला होता आणि त्यानं तो सुतळीनं बांधला होता. मालकांनी ती सुतळी बघितली आणि सरांना विचारलं, "बूट कोण देतंय रे यांना?" छत्तीस मीटरवरून हा प्रश्न त्यांना सुचला नसता.

पूर्व भागातल्या पोरांबरोबर दोघंजण हलगी घेऊन आले होते. पहिल्या हाफमध्ये ते उघड्यावर वाजवत होते आणि आवाज वाऱ्यावर जात होता. ऊन चुकवायला ते गोदामाच्या पुढे आलेल्या छपरीखाली शिरले आणि सगळा नूरच पालटला. पाठीमागे दगडी भिंत, डोक्यावर पत्रा. हलगीचा ठोका भिंतीवरून पत्र्यावर आणि पत्र्यावरून थेट मैदानात. दोन हलग्या होत्या, वाटत होतं गड्ड्याच्या जत्रेतला सगळा ताफाच आलाय. शाळेची पोरं चेव आल्यासारखी पळायला लागली. शेजारच्या कारखान्यातले चार-पाच कामगारही येऊन उभे राहिले.

यात जादू काही नाही. उघड्यावर एका ठिकाणाहून निघालेला आवाज अंतर दुप्पट झालं की सहा डेसिबलनं पडतो. पाच मीटरवरून छत्तीसवर गेलं की सतरा-एक डेसिबल हवेत विरले. वर कडक छत आणि पाठीमागे भिंत असेल, तर वर जाणारा आवाज वळून खाली येतो. जर्मनीतल्या डॉर्टमुंडच्या स्टेडियममध्ये दक्षिण बाजूला उभ्यानं मॅच बघणारे सुमारे २५ हजार लोक एकाच अखंड उतारावर, एका छताखाली असतात, 'पिवळी भिंत' म्हणतात त्या गर्दीचं इंगित बरंचसं हेच आहे. ते स्टेडियम १९७४ चं, साध्या तयार काँक्रीट भागांचं. बाहेरून बघितलं तर कुणी फोटोही काढणार नाही. लंडनला टॉटनहॅम क्लबनं २०१९ मध्ये नवं स्टेडियम उघडलं, त्यात एका गोलच्या मागे मजले न करता साडेसतरा हजार माणसांचा एकच उतार ठेवला. म्हणजे नवं आहे म्हणून निर्जीवच असणार, हे मला पटत नाही. जुन्याच्या नावानं गळे काढणारे पुष्कळ भेटतात. त्यांना जुन्या स्टेडियमातली मुतारी आठवत नसावी.

चहा पिताना मालकांना इटलीतल्या तुरिनची गोष्ट सांगितली. १९९० च्या वर्ल्ड कपसाठी तिथं देल्ले आल्पी नावाचं स्टेडियम बांधलं, ६९ हजारांचं, मधे ट्रॅक. माणसं इतकी लांब बसायची की युव्हेंटससारख्या क्लबच्या मॅचलाही ते ओकंओकं दिसायचं. शेवटी ते पाडून त्याच जागी २०११ मध्ये ४१ हजारांचं नवं बांधलं. ट्रॅक नाही, आणि पहिली रांग मैदानापासून साडेसात मीटरवर.

"एकोणसत्तर हजारांचं पाडून एक्केचाळीसचं?" मालक थांबले. व्यापारी माणूस आहे. माल कमी करून दुकान चालतं, हे त्यांना चटकन कळलं. पुण्यातलं बालेवाडी आणि तिथला ट्रॅक त्यांनी स्वतः बघितलेला होता, ते त्यांनीच काढलं.

इथवर सगळं माझ्या मनासारखं चाललं होतं. शेवटच्या दहा मिनिटांत स्कोअर दोन-दोन झाला आणि पोरं बेभान झाली. माझं लक्ष मैदानावर होतं, तेवढ्यात वरून धूळ पडली. मान वर केली तर गोदामाच्या माळ्यावरच्या झरोक्यांतून डोकीच डोकी. बाहेर ऊन, उभं राहायला जागा नाही, म्हणून पोरं मागच्या जिन्यानं माळ्यावर चढलेली. लाकडी फळ्यांचा माळा, कधीकाळी सुताच्या गाठोड्यांसाठी केलेला. आत जाऊन खालून बघितलं. एक फळी पोरांच्या नाचण्याबरोबर खाली-वर होत होती आणि जिथं ती तुळईवर टेकते तिथं वाळवीनं खाल्लेला भाग बोटानं पोखरता येत होता.

मी ओरडलो. हलगीच्या आवाजात कुणाला ऐकू गेलं नाही. सरांना हातानं खूण केली. त्यांनी काय बघितलं कोण जाणे, पण एकच लांब शिट्टी मारून मॅच थांबवली आणि पळत आले. मग त्यांच्या त्या मैदानावरच्या आवाजात, "कोण हललं तर बघा! एकेक जण, भिंतीच्या कडेनं!" पोरं उतरली. खाली आलेला शेवटचा पोरगा मलाच विचारतो, "अण्णा, मॅच संपली का?"

आर्चिबाल्ड लीच नावाचा स्कॉटिश इंजिनिअर होता. इंग्लंड-स्कॉटलंडमधल्या जुन्या स्टेडियमांना जो तोंडवळा आहे, त्यातला निम्मा या माणसाचा. १९०२ मध्ये ग्लासगोच्या आयब्रॉक्स मैदानावर त्यानंच उभारलेली लाकडी पायऱ्यांची गॅलरी मॅच चालू असताना मोडली आणि २५ माणसं गेली. नंतर त्यानं मातीचे भराव आणि मजबूत सांगाडे करून कितीतरी मैदानं बांधली. माळ्यावरून पोरं उतरत होती तेव्हा माझ्या डोक्यात तोच होता. जी गर्दी, जी जवळीक, जे नाचणं आपल्याला हवं असतं, त्याला वजन असतं, आणि ते वजन एका तालात खाली येतं. ड्रॉइंगवर रंग भरणाऱ्यांना हे शिकवावं लागतं.

मॅच पुढं बरोबरीतच सुटली. आम्ही गोदामातच खुर्च्या ओढून बसलो. धाकटे मालक म्हणाले, "बघा, धोकादायकच आहे. पाडूनच टाकू." त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी स्क्रू-ड्रायव्हर घेऊन छप्पर पेलणाऱ्या लोखंडी कैच्या तपासत हिंडलो. भिंत पक्की, दोन फुटांची. कैच्यांचे अँगल शाबूत, पण पन्हाळीजवळचे दोन-तीन सांधे गंजून पापुद्रे सुटलेले. पत्रा बदलावा लागेल, माळा काढावा लागेल. बाकी गोदाम उभं राहू शकतं.

अडचण दुसरीच होती, आणि मला तिचंच अप्रूप वाटत होतं. गोदाम मैदानाला समांतर नाही. उत्तरेकडे रेषेपासून भिंतीपर्यंत बरीच जागा मिळते, दक्षिणेकडे ती निमुळती होत कडुनिंबाच्या झाडापाशी संपते. म्हणजे पायऱ्या एका टोकाला आठ बसतात, दुसऱ्या टोकाला जेमतेम तीन. मालक म्हणाले, "वाकडं दिसणार." दिसू दे की! अर्जेंटिनातल्या बोका क्लबच्या ला बोंबोनेरा स्टेडियमला चौथ्या बाजूला जागाच नव्हती, म्हणून १९४० मध्ये तीन बाजू उंच आणि चौथी चपटी असं बांधून काढलं. आज डोळे मिटून कुणीही ते स्टेडियम ओळखतं. पोर्तुगालमध्ये ब्रागाला २००३ मध्ये खाणीत स्टेडियम बांधलं, त्याला दोनच बाजूंना प्रेक्षक. एका गोलच्या मागे नुसता उभा कातळ. चारी बाजूंनी सारखी वाटी कुठंही ठेवता येते. आमच्या मैदानाला पश्चिमेला गोदाम आहे, उत्तरेला नाला, कोपऱ्यात कडुनिंब. हे सोडून देऊन निळे दिवे लावायचे, तर मग मला कशाला बोलावलं?

शिवाय ऊन. युरोपात छत पावसासाठी असतं. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीच्या पुढं जाऊन बसतो. संध्याकाळच्या मॅचला सूर्य गोदामाच्या पाठीमागे जातो आणि त्याची सावली पायऱ्यांवरून पुढं मैदानात सरकते. मुख्य प्रेक्षक पश्चिमेला बसवायची जगभरची रीत आहे ती याचसाठी, डोळ्यांवर ऊन नको म्हणून. इथं ती बाजू आयती उभी होती.

पायऱ्यांचं गणित मात्र मला परत करावं लागलं. प्रेक्षक मैदानाच्या जितका जवळ, तितकी पायरी चढी लागते, नाहीतर पुढच्याच्या डोक्यापलीकडचं दिसत नाही. मागच्याची नजर पुढच्याच्या डोळ्यांच्या किती मिलिमीटर वरून जाते, यावर हे ठरतं. नव्वद असलं तर चांगलं, एकशेवीस उत्तम. मी दीडशे धरले, कारण आमच्याकडे आजोबा मंडळी टोपी घालून येणार. ब्रिटिश नियम चढ ३४ अंशांपर्यंत चालवून घेतात. आठ पायऱ्यांच्या गॅलरीला तेवढं लागतच नाही. खुर्च्या मालकांनी अर्ध्या तासाच्या वादानंतर सोडल्या. बैठकीला शहाबादी फरशी, सावलीत ती गारही राहते. हलगीवाल्यांसाठी मधला पट्टा उभ्यानं, दर दोन पायऱ्यांना लोखंडी कठडा. धावण्यासाठी पूर्वेच्या कुंपणाकडेनं सरळ शंभर मीटरच्या सहा लेन. शाळेच्या स्पोर्ट्सना त्या पुरतात.

नावावरूनही थोडं झालं. मालकांना वडिलांचं नाव हवं होतं, ते येईलही. पण पोरं त्या दिवसापासूनच "गोदामाकडं बसू" म्हणायला लागली होती. लिव्हरपूलच्या मैदानावरच्या कॉप या गॅलरीचं नाव दक्षिण आफ्रिकेतल्या स्पियन कॉप टेकडीवरून पडलं; १९०० च्या त्या लढाईत गांधीजी जखमींचे स्ट्रेचर वाहत होते. हे सांगितल्यावर मालक एवढे खूश झाले की पाटीचा विषय पुढच्या मीटिंगवर गेला.

अडलंय ते जाळीवर. मालकांना गॅलरी आणि मैदान यांच्यामध्ये आठ फुटी जाळी हवी. पोरं आत घुसतील, पंचांना मारतील, असं त्यांना वाटतं. मी त्यांना इंग्लंडमधल्या हिल्सबरो स्टेडियमचं सांगितलं. १५ एप्रिल १९८९, शेफिल्ड. मागून गर्दी लोटत राहिली, पुढं लोखंडी जाळी, आणि तिच्यावर दाबली जाऊन ९७ माणसं गेली. त्यानंतरच्या चौकशीत जाळ्या निघाल्या आणि वरच्या डिव्हिजनांत उभ्यानं बघणं बंद होऊन खुर्च्या आल्या. इंग्लंडमध्ये कठड्यासह उभं राहायची परवानगी परत मिळाली ती २०२२ मध्ये. मालकांनी ऐकून घेतलं. "ते हजारोंचं झालं, आपली चारशे पोरं." मी म्हटलं, माळ्यावर किती होती?

ड्रॉइंगमध्ये मी ११०० मिलिमीटरचा कठडा आणि मैदानात उघडणारी तीन फाटकं दाखवली आहेत. त्यावर लाल पेनानं "८ फूट" लिहून ते ऑफिसात परत आलंय. सोमवारी सरांना घेऊन जातोय.