तुम्ही विचारलंत म्हणून: ओमान नेमका कोणाच्या बाजूचा?

आखातात काही पेटले की सांगलीहून मामांचा फोन ठरलेला असतो, आणि खुशाली विचारून झाली की प्रश्नही तोच असतो: "अरे, तो ओमान नेमका कोणाच्या बाजूचा? सौदीच्या, अमेरिकेच्या की इराणच्या?" गावी आलो की शेजारीपाजारीही हेच विचारतात. मस्कतमध्ये मालवाहतुकीच्या व्यवसायात अकरा वर्षे काढल्यामुळे मला याचे उत्तर ठाऊक असावे, अशी सर्वांची समजूत आहे. फोनवर ते नीट सांगता येत नाही, म्हणून लिहितो.

आधी नकाशा पाहायला हवा. ओमानचा मुसंदम हा प्रांत उरलेल्या देशापासून तुटलेला आहे. मध्ये संयुक्त अरब अमिरातीचा प्रदेश येतो. मुसंदमचे टोक होर्मुझच्या सामुद्रधुनीत घुसले आहे आणि तिथून इराणचा किनारा 40 किलोमीटरपेक्षाही कमी अंतरावर आहे. जगातल्या तेलाचा साधारण पाचवा हिस्सा ज्या वाटेने जातो, त्या वाटेवर जहाजांना आखून दिलेल्या मार्गिका या टोकापाशी ओमानच्या पाण्यातून जातात. मुसंदममधल्या खसबच्या धक्क्यावर मी एक सकाळ घालवली होती. इराणहून आलेल्या लहान वेगवान होड्यांतून बकऱ्या उतरत होत्या आणि त्याच होड्यांत सिगारेटची खोकी व घरगुती विजेची उपकरणे प्लास्टिकमध्ये गुंडाळून, दोरीने आवळून भरली जात होती. होडीवाले बोलत होते फारसी, दुकानदार अरबी, आणि हिशेब मात्र दोघांच्याही सरावाच्या मोडक्यातोडक्या हिंदीत चालला होता. समोरच्या किनाऱ्यावरचे सरकार कोणतेही असले तरी ज्याला रोज त्याच पाण्यात उतरायचे आहे, त्याला वैर परवडत नाही, हे तिथे उभे राहिल्यावर कोणी समजावून सांगावे लागत नाही.

पण केवळ भूगोलावर सगळे ढकलणे मला पटत नाही, कारण होर्मुझच्या जवळ असलेल्या इतर देशांनी वेगळ्या वाटा धरल्या आहेत. दुसरे कारण आठवणीत आहे. ओमानचे सुलतान काबूस यांनी जुलै 1970 मध्ये वडिलांना पदच्युत करून सत्ता घेतली, तेव्हा दक्षिणेकडच्या धोफारमध्ये तेव्हा वेगळा देश असलेल्या शेजारच्या दक्षिण येमेनच्या पाठिंब्यावर बंड चालू होते. ते 1975 च्या अखेरीस मोडले गेले ते ब्रिटिश अधिकारी, जॉर्डनची मदत आणि इराणच्या शाहने पाठवलेले हजारो सैनिक यांच्या बळावर. पुढे 1979 मध्ये शाहची राजवट कोसळली, तरी काबूस यांनी तेहरानमधल्या नव्या राज्यकर्त्यांशी संबंध तोडले नाहीत. त्याच वर्षी इजिप्तने इस्रायलशी तह केला आणि बहुतेक अरब देशांनी इजिप्तला वाळीत टाकले. ओमानने टाकले नाही. ज्याच्याशी आज भांडण आहे त्याच्याशी उद्या बोलावे लागणार, हे धोरण तेव्हापासून सुलतान बदलले तरी टिकून आहे.

याची किंमत आणि उपयोग दोन्ही मी 2017 मध्ये टेबलावर बसून पाहिले. 5 जूनला सौदी अरेबिया, अमिराती, बहारीन आणि इजिप्त यांनी कतारशी संबंध तोडले. कतारचा जो माल दुबईच्या जबल अलीत उतरून पुढे जात असे, त्याला एका रात्रीत वाट उरली नाही. नंतरचे काही आठवडे आम्ही कागदपत्रांवर बंदराचे नाव बदलत होतो: जबल अली खोडून ओमानमधले सोहार, कुठे सलाला. एका व्यापाऱ्याचे शीतपेटीतले खाद्यपदार्थ अडकले होते आणि तो दर तासाला फोन करून फक्त एवढेच विचारत होता, "जहाज निघाले का?" ओमानने कतारची बाजू घेतल्याचे कोणतेही भाषण केले नाही, त्याने आपली बंदरे उघडी ठेवली. दोन वर्षांपूर्वी, 2015 मध्ये, येमेनवर हल्ले करणाऱ्या सौदीच्या आघाडीतही आखाती सहकार्य परिषद या सहा अरब देशांच्या गटातला हा एकटाच देश गेला नव्हता, आणि त्याबद्दल शेजाऱ्यांची नाराजी त्याने सोसली.

म्हणून मामांना मी सांगतो की ओमान वाटाघाटीच्या बाजूचा आहे आणि ही बाजू घेणे हे रोजचे, कष्टाचे काम आहे. 2012 आणि 2013 मध्ये अमेरिका व इराणचे अधिकारी मस्कतमध्ये गुपचूप भेटले, त्यातूनच इराणच्या अणुकार्यक्रमावर मर्यादा घालणाऱ्या 2015 च्या अणुकराराची वाट निघाली. सौदी आणि इराण यांनी मार्च 2023 मध्ये बीजिंगमध्ये समेट केला, तेव्हा आधीच्या बैठका घडवून आणल्याबद्दल इराकबरोबर ओमानचेही आभार मानले गेले. या देशात सारे आलबेल आहे असे मी म्हणणार नाही. सुलतानावर जाहीर टीका करणे तिथे गुन्हा आहे, आणि परदेशात सर्वांचे ऐकून घेणाऱ्या राज्याने घरच्यांचेही ऐकावे, असे मला मनापासून वाटते.

गेल्या वेळी मामांचा फोन आला तो जून 2025 मध्ये. अमेरिका आणि इराण यांच्यातल्या बोलण्यांची सहावी फेरी 15 जूनला मस्कतमध्ये व्हायची होती आणि 13 जूनला इस्रायलने इराणवर हल्ला केला. फेरी रद्द झाली. "मग काय उपयोग झाला तुमच्या ओमानचा?" असे मामांनी विचारले. मी त्यांना 6 मेची आठवण दिली. त्या दिवशी ओमानच्या परराष्ट्रमंत्र्यांनी अमेरिका आणि येमेनचे हूती बंडखोर यांच्यातला युद्धविराम जाहीर केला होता. ती बातमी मामांनी वाचलीच नव्हती.