वेग गेल्यावर मोकळा झालेला सीए (खेळाडूची एकूण क्षमता) : वयस्कर खेळाडूंच्या घसरणीची पुढील नोंद

मागील नोंदीत अडलेले काम अखेर मार्गी लागले आहे. माझ्या फुटबॉल सिम्युलेटरमध्ये चौतिशीतले विंगर (बगलेवरून खेळणारे) वेग गमावत आणि त्याच हंगामात लीगमधील सर्वोत्तम पासर होऊन बसत. हा चमत्कार आता थांबला आहे, आणि तो थांबवण्यासाठी घसरणीची संपूर्ण मांडणी बदलावी लागली.

फुटबॉल मॅनेजर या संगणक खेळाची चौकट आपल्या सर्वांच्या अंगवळणी पडलेली आहे, म्हणून मीही तीच घेतली होती: प्रत्येक अ‍ॅट्रिब्यूट (खेळाडूचा एकेक गुण) १ ते २०, एकूण सीए (करंट अ‍ॅबिलिटी, म्हणजे सध्याची एकूण क्षमता) २०० पर्यंत, आणि पोझिशननुसार प्रत्येक अ‍ॅट्रिब्यूटचे वजन वेगळे. पेस आणि अ‍ॅक्सिलरेशन बहुतेक जागांवर महाग असतात, म्हणजे सीएचा जास्त हिस्सा खातात. विंगरचा पेस १६ वरून १२ वर आला की सीएचा मोठा हिस्सा मोकळा होतो. एकूण सीए तेवढाच ठेवला, तर ठरलेल्या पगाराच्या घरात किराणा स्वस्त झाल्यावर उरलेले पैसे दुसऱ्या खर्चाकडे वळावेत, तसा तो हिस्सा स्वस्त अ‍ॅट्रिब्यूटकडे वळतो. पासिंग, व्हिजन, फर्स्ट टच असे सगळेच एकदम वर चढतात. उलट, वेगाबरोबर सीएही पूर्ण किमतीने कापला, तर बत्तिशीनंतर कोणीच तग धरत नाही. मग डाव्या बगलेवरून मध्यफळीत सरकून २०१४ मध्ये चाळिसाव्या वर्षी निवृत्त झालेला रायन गिग्ज अशा जगात निर्माणच होऊ शकत नाही. या दोन टोकांच्या मधली जागा शोधण्यातच बहुतेक वेळ गेला.

तोडगा वजनांच्या तक्त्यात सापडेल, असे मी धरून चाललो होतो. प्रत्यक्षात तो मोकळ्या झालेल्या सीएच्या वाटेत सापडला. आता शारीरिक अ‍ॅट्रिब्यूट घटले की त्यातून सुटलेला सीए आधी नष्ट होतो. त्यातील थोडाच भाग परत मिळू शकतो, तोही केवळ अँटिसिपेशन, पोझिशनिंग, डिसिजन्स यांसारख्या मानसिक अ‍ॅट्रिब्यूटमध्ये, आणि तेही खेळाडू प्रत्यक्ष मैदानावर पुरेशी मिनिटे खेळला तरच. तांत्रिक अ‍ॅट्रिब्यूटना त्यातून काहीही मिळत नाही. ज्याने विसाव्या वर्षी क्रॉस नीट मारायला शिकले नाही, तो पाय जड झाल्यावर अचानक ते शिकेल, ही कल्पनाच मला अमान्य आहे. बाकावर बसलेला चौतीस वर्षांचा खेळाडू म्हणूनच झपाट्याने उतरतो आणि नियमित खेळणारा हळूहळू, आणि हे चित्र मला अतिशय समाधानकारक वाटते.

दुसरा बदल वाढदिवसाचा. वय ३० पूर्ण झाले की दाणकन घसरण, ही पद्धत काढून टाकली आहे. प्रत्येक महिन्याला घसरणीची शक्यता मोजली जाते आणि तिच्यावर वय, पोझिशन, नॅचरल फिटनेस (शरीर तंदुरुस्त राखण्याची उपजत क्षमता) व दुखापतींचा इतिहास यांचा परिणाम होतो. दुखापतींचा मुद्दा नाशिकच्या गंगापूर रोडवर भेटणाऱ्या आपल्या गटातील फिजिओथेरपिस्ट दादांचा आहे. वाढते वय आणि आधी झालेली हॅमस्ट्रिंगची (मांडीमागच्या स्नायूंची) दुखापत हे दोन्ही नव्या दुखापतीचा धोका वाढवतात, असे त्यांनी समजावून सांगितले. त्यामुळे सततच्या दुखापतींतून गेलेला एकोणतीस वर्षांचा खेळाडू धडधाकट तेहतीस वर्षांच्या खेळाडूआधी उतरू शकतो. स्फोटक वेग आधी घटतो आणि दमसास त्यामानाने टिकतो, हेही आता वेगळे मांडले आहे.

सिम्युलेटरच्या ताज्या रनमध्ये एका काल्पनिक विंगरचा प्रवास मी पुन्हा पुन्हा उघडून पाहिला. बत्तिसाव्या वर्षापासून त्याचा पेस उतरू लागला, प्रशिक्षकाने त्याला आत घेतले, मध्यफळीतील सवय वाढत गेली आणि त्याने आणखी तीन उपयोगी हंगाम दिले. मी यासाठी वेगळा नियम लिहिलेला नव्हता.

साधनांबद्दल थोडेसे. इतक्या महिन्यांच्या नोंदी स्प्रेडशीटमध्ये ठेवण्याचा हट्ट कोणीही धरू नये. एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये त्या सुखाने मावतात आणि एका ओळीच्या प्रश्नाने हव्या त्या वयाच्या नोंदी वेगळ्या काढता येतात. शालिमारजवळच्या एका दुकानातून घेतलेली वापरलेली एसएसडी उत्तम चालते आहे.

यानंतर गोलरक्षकांचे काम हाती घेणार होतो. जियानलुइजी बुफॉन २०२३ मध्ये ४५ व्या वर्षी निवृत्त झाला, तेव्हा गोलरक्षकांच्या घसरणीची कमान वेगळी हवी हे उघड आहे. परंतु ही नोंद लिहितानाच एक गोष्ट लक्षात येत आहे, आणि ती आधी तपासणे भाग आहे. माझी पडताळणी वयोगटाच्या सरासरीवर उभी आहे. पस्तिशीच्या वर लीगमध्ये टिकलेले खेळाडू मुळातच चांगले असतात, कारण जे उतरले त्यांना क्लबने केव्हाच सोडून दिलेले असते. २०२४-२५ च्या आयएसएलमध्ये (इंडियन सुपर लीग) सुनील छेत्रीने चाळिशीत बंगळुरूसाठी १४ गोल केले. त्याच्या वयाचे बाकीचे बहुतेक त्या लीगमध्ये नाहीतच. ही सरासरी पाहून कमान बसवली, तर घसरण खऱ्यापेक्षा सौम्य निघणार.

म्हणून गोलरक्षक थांबतील. आधी एकाच खेळाडूची सलग दोन वर्षे जोडीने तुलना करणारी पडताळणी लिहितो, आणि करार न मिळाल्यामुळे गळालेल्यांची वेगळी नोंद ठेवतो. गळालेल्यांचे पुढचे वर्ष उपलब्धच नसते, त्यामुळे ही जोडीची पद्धतही थोडी सौम्यच उत्तर देईल. तरी गळतीचा दर हाताशी असेल तर तो फरक अंदाजाने भरून काढता येईल. आपल्यापैकी ज्यांच्याकडे पंधरा-वीस हंगाम चाललेल्या सेव्ह (जतन केलेले खेळ) आहेत, त्यांनी तिशीपुढील खेळाडूंचे नॅचरल फिटनेस, खेळलेली मिनिटे आणि करार कधी संपला एवढे तीन रकाने पाठवावेत. खालच्या डिव्हिजनमधील सेव्ह असतील तर अधिकच बरे, कारण छेत्रीसारखे अपवाद तिथे कमी असतात आणि गळती स्पष्ट दिसते.