मुलगी अभ्यासात आहे, जन्माआधीपासून

गरोदर असतानाच आम्ही एका दीर्घकालीन अभ्यासात नाव नोंदवलं. गर्भापासून सज्ञान होईपर्यंत मुलांची वाढ, आहार, झोप, बोलणं, शिकणं टिपत राहायचं, असं त्याचं स्वरूप. संमतीपत्र घरी आणून सावकाश वाचलं आणि प्रश्न लिहून नेले. नाळेतलं रक्त किती वर्षं साठवणार? तपासणीत काही गंभीर आढळलं तर आम्हाला कळवणार का? मधेच बाहेर पडलो तर नमुन्यांचं काय? हे प्रश्न सहीच्या आधीच विचारायला हवेत, असं मी प्रत्येक आईबापांना सांगेन. प्रत्येक गोष्टीला वेगळा होकार किंवा नकार देता येत होता. नमुने साठवायला आम्ही हो म्हटलं, जनुकीय तपासणीचा निर्णय मात्र मोठी झाल्यावर मुलीनेच घ्यावा म्हणून तिच्यावर सोडला.

मग भेटी सुरू झाल्या. दोन वर्षांपर्यंत बाळाला आडवं झोपवून लांबी मोजतात, नंतर उभं करून उंची. दोन्हींत सुमारे ०.७ सेंटिमीटरचा फरक पडतो, म्हणून कधी कसं मोजलं याचीही नोंद होते. बाळ रडत असलं तरी माप पुन्हा घेतात. तेव्हा जीव कासावीस व्हायचा, पण पुढच्या सगळ्या तुलना याच आकड्यांवर होणार आहेत.

ती शाळेत जायला लागल्यावर मात्र सोडून द्यावंसं वाटू लागलं. काल काय खाल्लं, किती खाल्लं, कितीला झोपली... नोकरी सांभाळून त्या प्रश्नावल्या भरणं नकोसं झालं. समन्वयक ताईंनी अजिबात आग्रह केला नाही. "प्रश्नावली राहू द्या, वजन-उंचीपुरतं या," म्हणाल्या. सोडून जाण्यात स्थलांतर करणारी, ओढगस्तीतली कुटुंबं जास्त असतात आणि मग त्यांचीच मुलं निष्कर्षांतून गळतात, हेही त्यांनीच समजावलं. न्यूझीलंडमधल्या ड्युनेडिनच्या अभ्यासात १९७२-७३ मध्ये जन्मलेली जेमतेम १,०३७ मुलं होती. पण पंचेचाळिसाव्या वर्षी हयात असलेल्यांपैकी ९४ टक्के तपासणीला आले. त्या अभ्यासाचं वजन या टिकून राहण्यात आहे. आम्ही राहिलो.

यंदा पहिल्यांदाच संमती तिलाही विचारली, मला बाहेर बसवून. बाकी सगळ्याला ती हो म्हणाली, रक्त द्यायला नाही. त्यांनी तशी नोंद केली आणि तिला उंची मोजायला नेलं.